चिंधी बांधलेला दुधी

हसू नका, मित्रांनो. भाजीलाही म्हातारपण येते. मी एक जुना, वाळून खडखडीत झालेला दुधी भोपळा आहे. एका शिंप्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. माझी साल आता लाकडासारखी कडक आणि तपकिरी झाली आहे. मानेजवळ एक भोक आहे, तिथून माझ्या बिया काढून घेतल्या. आता आत काहीच नाही. येता-जाता कोणाचा धक्का लागला तर भिंतीवर टकटक वाजतो, एवढाच काय तो माझा आवाज.

माझ्या वयाचे दुधी तुम्हाला सहसा दिसणार नाहीत, कारण दुधी खाल्ले जातात. कोवळे असताना तोडतात, सोलतात, फोडी करतात, शिजवतात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा विषय संपतो. माझे सगळे भाऊ असेच गेले. तुम्हाला वाटेल, मी वाचलो म्हणून नशीबवान. मला मात्र त्यांचा हेवा वाटतो. कोणाच्या तरी ताटात संपून जाणे म्हणजे काय, हे मला कधी कळलेच नाही.

आमचे घर रस्त्याला लागून आहे. पुढची खोली म्हणजे शिंपीबुवांचे दुकान. तिथे शिवणयंत्र, कपडे बेतायचे टेबल, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे, आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. मधली खोली झोपायची. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारातून दोन पायऱ्या उतरल्या की परसबाग. बागेच्या टोकाला भिंत आहे. भिंतीपलीकडे सांडपाण्याचा नाला आणि नाल्याकाठी माजलेले रान. त्या रानाबद्दल पुढे सांगतो.

पुढचे दुकान शिंपीबुवांचे, तशी मागची बाग बाईंची. बाई म्हणजे त्यांची बायको. तिथे भेंडी होती, वांगी होती, मांडवावर दोडका आणि पडवळ, कोपऱ्यात अळू, जमिनीखाली सुरण आणि रताळी, भिंतीशी शेवग्याचे झाड. कुठल्या भाजीची खोड कशी मोडायची हे बाईंना पक्के माहीत होते. भेंडी आधी धुवायची, पुसून कोरडी करायची, मगच चिरायची. उलटे केले तर सुरीला तार सुटते. कारल्याला मीठ चोळून ठेवायचे, पाणी सुटले की पिळायचे, पण कडूपणा थोडा राहू द्यायचा. नाहीतर कारले खायचेच कशाला, असे त्या म्हणत. सुरण चिरताना हाताला तेल लावायचे, शिजताना काहीतरी आंबट घालायचे. हे विसरलात तर बसा हात आणि घसा खाजवत. अळूही त्याच स्वभावाचे; नीट शिजल्याशिवाय तोंडात घालायची सोय नाही. शेवग्याच्या शेंगांचे बोटाएवढे तुकडे उकडायचे आणि चोखून खायचे. शेंगा खाताना पाहुण्यांपुढे ऐट मिरवता येत नाही, म्हणून बाई नेमक्या ऐटबाज पाहुण्यांनाच त्या वाढत.

दुधीसाठी मात्र त्यांचा एक कडक नियम होता. कोणताही दुधी चुलीवर जाण्याआधी बाई त्याच्या टोकाची पातळ चकती कापत आणि कच्चीच जिभेवर ठेवत. मित्रांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. दुधी कधीमधी कडू निघतो. तो कडूपणा कारल्यासारखा नसतो, तो विषारी असतो. पोटात गेला तर धडधाकट माणूस आडवा होतो. अशी चकती थुंकून टाकायची, तोंड धुवायचे आणि अख्खा दुधी फेकून द्यायचा. त्यात काटकसर करायची नाही.

पण आमचा दुधी कधीच कडू निघाला नव्हता. इतका गोड की बाईंची लेक लहान असताना त्या चकतीसाठी हट्ट करायची. बाईंना या दुधीचे बी त्यांच्या आईने रुमालात बांधून दिले होते, आईला तिच्या आईने. मागचे कोणाला आठवत नव्हते. साध्या पाण्यात मीठ घालून उकडला तरी आजूबाजूची माणसे वाडगे घेऊन दारात येत. बाई दरवर्षी एकच दुधी बियाण्यासाठी राखत. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधत. चिंधी बांधलेल्या दुधीला घरात कोणी हात लावायचा नाही. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, वाळला की खिळ्याला टांगायचा आणि पुढच्या हंगामात त्याचेच बी पेरायचे. मागचे उरलेले बी त्या ठेवत नसत. जुन्या बियांचा भरवसा नाही, असे त्यांचे म्हणणे.

चिंध्या अर्थातच पुढच्या दुकानातून येत. आणि नुसत्या चिंध्याच नाही. दर हंगामात शिंपीबुवांच्या रिळावरचा पांढरा दोराही कमी व्हायचा. शिंपीबुवा तसे थट्टेखोर. गिऱ्हाईक समोर असले की ते मुद्दाम आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे की, आमच्या घरचे उंदीर कापड सोडून दोरा खातात. गिऱ्हाईक हसायचे, आतून बाईही हसायच्या. दोरा कशाला लागतो हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि बाईंनी कधी सांगितले नाही. संसारात अशा कितीतरी गोष्टी थट्टेवारी निघून जातात.

मी जन्मलो त्या वर्षी बाई आजारी होत्या. वेल त्यांनीच लावला होता, मांडवावर चढवलाही होता. पण फुले येऊ लागली आणि त्यांना दम लागू लागला. आधी पायऱ्या उतरणे बंद झाले, मग स्वयंपाकघरात उभे राहणे. शेवटी त्यांची खाट पुढच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी आणली, म्हणजे शिंपीबुवांना शिवता शिवता त्यांच्याकडे बघता यावे.

मग शिंपीबुवांनी सुरी हातात धरली. आयुष्यभर कापड कापलेला माणूस, पण भाजी काही त्यांना वश होईना. पहिल्या दिवशी भेंडी चिरून मग धुतली, तिचा चिखल झाला. सुरण चिरताना तेल विसरले आणि दुपारभर हात खाजवत बसले; गिऱ्हाइकाच्या पायजम्याचा एक पाय त्या भरात आखूड झाला. बाई खाटेवरून सांगत राहिल्या, ते शिकत राहिले. कारल्याला मीठ किती, शेवग्याला पाणी किती, लाल भोपळा सालासकट का शिजवायचा, दुधी आधी चाखायचा, हे सगळे त्यांना येऊ लागले. एकदा त्यांनी केलेली वांगी खाऊन बाई म्हणाल्या की आता मला काळजी नाही. ते ऐकून शिंपीबुवा जेवता जेवता उठून दुकानात गेले आणि बराच वेळ रिकामेच यंत्र चालवत बसले.

खायचे सगळे असे शिकवून झाले. पेरायचे राहून गेले. बाईंना वाटत होते, तेवढा वेळ आहे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी माझे फूल उमलले. दुधीची फुले पांढरी असतात आणि दिवस मावळताना उघडतात. वेलावर काही फुले नराची, काही मादीची. मादी फुलाच्या खाली इवलासा हिरवा दुधी आधीच असतो. तो मी होतो. भिंतीपलीकडून एक पतंग आला. त्याचे पाय पिवळ्या परागांनी भरलेले होते. तो माझ्या फुलात बसला, थोडा वेळ थांबला आणि उडून गेला. मला फार आनंद झाला. घरी पाहुणा यावा तसे वाटले.

मी भराभर वाढलो. सरळ, सुबक, कुठे डाग नाही. शिंपीबुवा एके दिवशी बागेत आले, मांडवाखाली वाकून एकेक दुधी न्याहाळला आणि माझ्यासमोर थांबले. खिशातून लाल चिंधी काढली. तीही कुठली साधीसुधी नव्हे, चारी बाजूंनी दुमडून शिवलेली. ती त्यांनी माझ्या देठाला बांधली. मग ते आत गेले, बाईंना उचलून कसेबसे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणले आणि मांडवाकडे बोट दाखवले.

“बियाण्याचा राखला ना?” बाईंनी विचारले.

“राखलाय. ती बघ, चिंधी बांधलीय.”

बाईंनी लाल चिंधी पाहिली. इतक्या लांबून त्यांना तेवढेच दिसणार होते. त्यांनी मान डोलावली आणि शिंपीबुवांच्या खांद्यावर डोके टेकले. इतके समाधान मी त्यानंतर या घरात कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही.

माझी साल कडक होण्याआधीच त्या गेल्या.

बाईंची लेक दूरच्या शहरात असते. तिला यायला उशीर झाला. आली तेव्हा खाट रिकामी होती. ती दिवसभर स्वयंपाकघरात डबे उघडत आणि बंद करत राहिली. आईच्या हातचे शेवटचे काय खाल्ले तेच आठवत नाही, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा शिंपीबुवांनी तिला बागेत आणले. मांडवावरचा वेल सुकत चालला होता, मी एकटा लटकत होतो. ते म्हणाले, “पुढच्या हंगामात ये. तुला आईचा दुधी खायला घालतो.”

त्या दिवसापासून, मित्रांनो, मी भाजी राहिलो नाही. मी वचन झालो. मला खिळ्याला टांगले. शिंपीबुवा रोज सकाळी चहा ठेवला की मला हलवून बघत. बिया खुळखुळत, आणि तो आवाज ऐकून ते दुकानात जात. कधीकधी माझ्याशी बोलतही. अमक्याचा सदरा बिघडला, तमक्याने कापड कमी दिले, असे सगळे ते बाईंना सांगायचे तसे मला सांगत. मीही ताठ मानेने लटकत असे. सगळ्या घराची आशा आपल्या पोटात आहे म्हटल्यावर कोणाला गर्व होणार नाही?

हंगाम आला. शिंपीबुवांनी माझ्या मानेजवळ भोक पाडले, बिया काढल्या आणि एकही न ठेवता सगळ्या लावल्या. बाईंनी केले तसेच सगळे केले. माती भुसभुशीत केली, कोंबांना पाणी घातले, वेल मांडवावर चढवले. फुले आली. दुधी धरले. कोवळे, हिरवेगार, हुबेहूब माझ्या भावांसारखे. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो की ही माझी पोरे. शिंपीबुवांनी लेकीला फोन केला. ती म्हणाली, रविवारी येते.

रविवारी सकाळी त्यांनी मांडवावरचा सर्वांत देखणा दुधी तोडला. ओट्यावर ठेवला, टोकाची चकती कापली आणि जिभेवर ठेवली.

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चकती थुंकली, तोंड धुतले आणि बागेत जाऊन दुसरा दुधी आणला. तोही थुंकला. मग दुसऱ्या वेलाचा आणला, मग तिसऱ्या. शेवटी सुरी घेऊन ते मांडवाखालीच गेले आणि एकेका दुधीचे टोक कापून चाखत सुटले. सगळे कडू. मला वाटते, त्यांना शेवटी चव कळतही नसावी. ते पायरीवर बसले. त्यांच्याभोवती टोके कापलेले दुधी पडले होते, आणि ती सगळी माझी पोरे होती. मला त्या खिळ्यावरून तुटून पडावेसे वाटले. पण वाळलेल्या दुधीला तेवढेही जमत नाही.

मग ते उठले. मला वाटले, आता सगळे फेकतील. त्यांनी त्यातला एक उचलला, सोलला, फोडी केल्या आणि साध्या पाण्यात मीठ घालून उकडत ठेवला, बाई ठेवत तसा.

लेक दुपारी आली. त्यांनी तिला भेंडी वाढली, लाल भोपळा वाढला. दुधी फक्त स्वतःच्या ताटात घेतला. मला का नाही, असे तिने विचारले, तर म्हणाले की पहिला माझा, तुला नंतर. ते खाली मान घालून भराभर खात होते. लेकीने हसत हसत त्यांच्या ताटातली फोड उचलली, तोंडात घातली आणि तिथेच थुंकली.

“बाबा, हा कडू आहे. चाखला नव्हता तुम्ही?”

“चाखला.”

“मग?”

“तिचा आहे गं तो,” शिंपीबुवा म्हणाले. “टाकू कसा?”

तिने ताट ओढून घेतले, पण तोवर बरेच पोटात गेले होते. थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त. रिक्षा आली, लेक त्यांना धरून घेऊन गेली. घर उघडेच राहिले. ओट्यावर कापलेली टोके सुकत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

ते वाचले. पण परत आले ते अर्धे होऊन. दरम्यान लेकीने वेल मुळासकट उपटले, दुधी खड्ड्यात पुरले. तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

काही दिवसांनी बाईंची धाकटी बहीण त्यांना बघायला आली. ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते, तिथे कुंडी ठेवायलाही जागा नाही. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली. मग मागच्या दारात उभी राहून भिंतीपलीकडे बराच वेळ बघत राहिली. नाल्याकाठच्या रानात पांढरी फुले होती. ती परत आली आणि खाटेजवळ बसली.

“भाऊजी, एक विचारते. फुलाला दोरा कोणी बांधला होता?”

“कसला दोरा?” शिंपीबुवा म्हणाले. “चिंधी मी बांधली.”

तिने हळू आवाजात समजावले. नाल्याकाठी कडू भोपळ्याचा वेल आहे, पूर्वीपासून. त्याची फुले दिसायला दुधीसारखीच. त्याचे पराग आपल्या फुलात पडले की तो दुधी गोडच राहतो, पण त्याच्या बियांत कडूपणा उतरतो. म्हणून बियाण्याचे मादी फूल उमलण्याआधी, दुपारीच, त्याच्या पाकळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या. आपल्याच वेलावरचे एक नर फूलही तसेच बांधायचे. संध्याकाळी दोन्ही उघडून एकमेकांना लावायची आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचे, म्हणजे बाहेरचा कोणी आत शिरत नाही. चिंधी नंतरची. चिंधी फक्त घरातल्या माणसांना कळावे म्हणून. ताई दरवर्षी करायची, आईने दोघींना शिकवले होते. मला वाटले तुम्हाला माहीत असेल, ती म्हणाली, दोरा तर तुमच्याच दुकानातला.

मी खिळ्यावर लटकत होतो आणि मला तो पतंग आठवला. माझ्या पहिल्या संध्याकाळचा पाहुणा.

शिंपीबुवा छताकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उंदीर नव्हते.”

मेहुणीला काही कळले नाही. तिच्याकडे थोडे तरी बी असेल का, असे त्यांनी विचारले. तिने नाही म्हणून मान हलवली. नंतर त्यांनी बाईंचे सगळे डबे जमिनीवर मांडून तपासले. भेंडीचे बी होते, कारल्याचे, दोडक्याचे होते. दुधीचे नव्हते. कुठून असणार? जे होते ते माझ्या पोटात होते, आणि ते काय होते हे तुम्हाला आता माहीत आहे.

आता बागेत बाकीच्या भाज्या आहेत. शिंपीबुवा भेंडी पुसूनच चिरतात, सुरणाला तेल विसरत नाहीत, एकटेच जेवतात. मांडव रिकामा आहे. लेक फोन करते तेव्हा दुधीचे नाव दोघेही काढत नाहीत. बाजारात दुधी मिळतो, पण तो या घरात येत नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि पुढच्या खोलीत नेले. मला वाटले, आता माझीही पाळी आली, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. त्यांनी मला मांडीवर घेतले, रिळावरून पांढरा दोरा काढला आणि माझ्या देठाला, चिंधीच्या वर, सावकाश गुंडाळला. वेढ्यावर वेढे. मग गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला. शिंप्याची गाठ आहे ती, सुटायची नाही. मला परत खिळ्याला टांगले, हलवून पाहिले, आणि आत काहीच वाजले नाही तसे ते दिवा लावायला गेले.

मित्रांनो, मला फेकू नका, मला पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काही राहिलेले नाही. पण तुमच्या घरातही कोणीतरी न बोलता काहीतरी करत असेल. दोरा नेत असेल, एखादे टोक कापून जिभेवर ठेवत असेल, दुपारी बागेत जाऊन येत असेल. थट्टा जरूर करा, पण थट्टा झाली की एकदा जवळ बसून विचारा, हे कशाला करतेस, मला दाखव. ते माणूस आहे तोवर विचारा. बी एका वर्षात संपते, आणि माणसाचे तर तेवढेही सांगता येत नाही.

आमच्या घरात आता दोरा कधीच कमी पडत नाही.